गप्प राहून ओरडणारं मशीन

भाऊजी,

तुम्ही गेल्यापासून मला झोप लागत नसेल, असं येणारी-जाणारी माणसं गृहीत धरतात. मी त्यांना काही सांगत नाही. खरं म्हणजे मला झोप फार लागते. दुपारची भांडी झाली की दुकानातल्या बाकावर टेकते, आणि डोळे नीट मिटायच्या आत पोलादपूरच्या वरची ती वाडी समोर येते. वैशाखाचं ऊन, धुरकट डोंगर, आणि आंब्यावर चढलेले तुम्ही. फांद्यांना बांधलेले भोंगे धोतऱ्याच्या मोठाल्या फुलांसारखे दरीकडे तोंड करून आहेत. तुम्ही वरून मला काहीतरी सांगताय. ओठ हलतात, आवाज येत नाही. मी खालून ओरडते, "भाऊजी, वायर सुटली असेल, बघा!" तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरतं आणि मी उठून बसते.

जन्मभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणारा माणूस माझ्या झोपेत मुका येतो, हे काही बरोबर नाही. येणार असाल तर बोलत या.

शोकसभेत लोक बोलले ते तुमच्याबद्दलच होतं का, अशी मला मधेच शंका आली. एकाने तुम्हाला 'सदा हसतमुख' करून टाकलं. हातात सोल्डरिंग असताना तुमचं तोंड त्याने पाहिलेलं दिसत नाही. जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण, हे सगळं सांगून झालंय. मला त्यात पडायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही उठून गेलात. ते मला पुढे चालवायचंय.

तेव्हा ओटीवर तुमचं दुकान आणि आत माझा संसार, मधे एक पडदा. हे कचेरीत कारकून. संध्याकाळी आले की चपला काढायच्या आधी पडदा सारून आज काय जळलं ते हुंगायचे. तुम्ही मुंबईला रेडिओच्या दुकानात काम शिकून परत आला होतात. महाडात वीज होती, व्हॉल्व्हचे जाडजूड ॲम्प्लिफायर भाड्याने मिळत. वरच्या वाड्यांवर मात्र वीज नव्हती, आणि त्यातही आपल्या लोकांच्या वाड्या म्हटलं की रस्ता संपल्यावर पुढे चढण. तिथे भोंगा घेऊन जायला कुणी तयार नसे. तुमच्या डोक्यात बसलं की ट्रकच्या बॅटरीवर चालणारं ट्रान्झिस्टरचं मशीन बांधायचं आणि ते डोक्यावरून वर न्यायचं. कुणाचं तरी कंपनीचं मशीन दुरुस्तीला आलं होतं. ते उघडून, त्याच्यावरून बघून बघून तुम्ही आपलं बांधलंत.

भोंग्यांच्या मागे जो लहान ट्रान्सफॉर्मर असतो त्याच्या गुंडाळ्या मी करायची. वायर लांब न्यायची तर प्रत्येक भोंग्याला तो लागतो, एवढं मला कळत होतं. तुम्ही स्वतः करायला बसलात की थोड्या वेढ्यांनंतर गाणं सुरू व्हायचं आणि मोजणी चुकायची. मी भात शिजेपर्यंत गप्प बसून एक गुंडाळी पुरी करत असे. दुपारच्या उजेडात तांब्याची तार चमकत फिरत राहायची, समोर तुमचं काहीतरी उघडून ठेवलेलं, बाहेर गल्ली झोपलेली. आयुष्यात मला निवांतपणा म्हणून जो मिळाला तो तोच. तेव्हा त्याला काम म्हणत होते.

मशीन दुकानात तपासायचं तर भोंगा लावायची सोय नव्हती. एकदा लावलात तर शेजारच्या अनुसयाकाकू लाटणं घेऊनच आल्या. "वसंता, माझे हे अजून जिवंत आहेत, त्यांना असं दचकवून मारू नकोस." तेव्हापासून भोंग्याच्या जागी तुम्ही दिव्याचा बल्ब जोडायला लागलात. माइकमध्ये बोललं की बल्ब लुकलुकायचा.

"वहिनी, बघा. तुमचा आवाज असा दिसतो."

"मग फारच मंद आहे की."

"तुम्ही अजून रागावला नाहीत म्हणून."

बल्बवर मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचं. हात लावावा तर जेमतेम कोमट. आणि डोंगरावर नेलं, भोंगे झाडावर चढवले, लांब वायर जोडली की थोड्या वेळात दोन्ही मोठे ट्रान्झिस्टर खलास. नाते गावी जळलं. तुम्ही मुंबईहून नवे आणलेत, बल्बवर तपासलंत, उत्तम. मग पोलादपूरच्या वरच्या त्या वाडीत लग्न होतं. नवरा-नवरी उभी राहिली, पंचशील सुरू झालं, आणि मशीनच्या पाठीतून धूर निघाला. वाडीतली गंगाआजी पुढच्याच ओळीत होती. ती काय म्हणाली ते तुम्ही पुढे सगळ्यांना स्वतःच सांगत फिरायचात. "काय रे वसंता, तुला भोंगा लावाया बोलावला हाय का धूप घालाया?"

त्या दिवशी मात्र तुम्ही हसला नव्हता. घरी आल्यावर ह्यांनी चहा पुरा होईपर्यंत वाट पाहिली.

"वसंता, बास आता."

"दादा, एकदा नीट बघू दे."

"बघतोच आहेस. बिरवाडीच्या कारखान्यात मी शब्द टाकलाय. हेल्परची जागा आहे, पगार वेळेवर मिळेल. रविवारचं बुद्धपौर्णिमेचं काम घेतलंयस ना? ते कर. त्यात जळलं तर सोमवारी सकाळी कारखान्यात जायचं. दुकान बंद."

"आणि नाही जळलं तर?"

"आजवर असं झालंय का?"

बुद्धपौर्णिमेचं काम त्याच वाडीचं होतं. तिथे नवा विहार बांधला होता, त्याचं उद्घाटन. धूर बघूनही त्यांनी तुम्हालाच बोलावलं, कारण बॅटरी डोक्यावर घेऊन ती चढण चढणारा दुसरा कुणी नव्हता. तुम्ही कप ठेवून तसेच उठलात. पडद्यापलीकडून म्हणालात, "वहिनी, बिरवाडीला मित्राच्या खोलीवर राहून आलोय मी. भिंतीला डोकं टेकलं तरी कारखान्याची घरघर ऐकू येते. तिथे गेलो तर माझे कान गेले म्हणून समजा." तुम्हाला पगाराचं वावडं नव्हतं, कामाचंही नव्हतं. कानांची भीती होती. हे मी ह्यांना सांगायला हवं होतं की नको, याचा मी तेव्हा विचार केला नाही. मला मशीनचा विचार पडला होता.

कारण लग्नात एक गोष्ट मी पाहिली होती. नवऱ्यामुलाचा मुंबईचा मामा खांद्याला रेडिओ अडकवून मिरवत होता. तुम्ही झाडावरून उतरून मशीन चालू केलंत तशी त्याच्या रेडिओत शिट्टी सुरू झाली. तो बिचारा रेडिओला थपडा मारत होता. मशीन जळलं आणि रेडिओ एकदम स्वच्छ बोलायला लागला.

"त्याचे सेल उतरले असतील," मी हे घरी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात.

"उतरलेले सेल मशीन जळल्यावर परत चढतात का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग उठून भोंगे बाहेर काढलेत.

शनिवारची दुपार होती. भोंगे ओटीवर ओळीने, वायर गल्लीतून पार नदीच्या वाटेपर्यंत सोडलेली आणि परत आणलेली. माइक लावलाच नाही, आवाजाचं बटण शून्यावर, म्हणजे अनुसयाकाकूंना तक्रारीला जागा नाही. बॅटरीच्या वायरीत मीटर. शेजारी टेबलावर आपला रेडिओ, कुणीतरी शेतीवर बोलत होता. आधी नुसतं मशीन चालू केलं. तुम्ही आतला लहान स्क्रू फिरवून मीटरचा काटा खाली आणून ठेवलात. रेडिओ ठीक. मग बल्ब जोडला. काटा हलला नाही, शेतीवाला बोलतच होता. मग बल्ब काढून भोंग्यांची वायर जोडली.

भोंग्यातून काही आलं नाही. गल्ली तशीच झोपलेली. पण रेडिओत बेडकांचं तळं फुटल्यासारखा कल्लोळ झाला, शेतीवाला बुडाला. मीटरचा काटा आपोआप चढत गेला. मशीनच्या पाठीचा पत्रा मी बोटाने चाचपला आणि बोट तोंडात घातलं. एक शब्द कुणी बोललं नव्हतं.

तुम्ही वायर ओढून काढलीत. शेतीवाला पुन्हा वर आला.  तुम्ही अगदी हळू म्हणालात, "वहिनी, हा गप्प राहून ओरडतोय. आपल्या कानांच्या पलीकडे."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण अजून एखादं घर बाहेरून फार शांत दिसलं की मला ते आठवतं.

मग तुम्ही मला डोलीचं उदाहरण देऊन समजावलंत. वाडीवरून आजारी माणूस डोलीत घालून खाली आणतात, पुढे एक, मागे एक. मागच्याचं पाऊल पुढच्याशी जुळलं की डोली स्थिर राहते. मागच्याला पुढच्याचा अंदाज उशिरा आला की तो उशिरा सावरतो, पुढचा त्याला सावरायला जातो, आणि आजारी माणूस मधे झोके खातो. मशीन बाहेर पाठवलेला आवाज थोडासा परत घेऊन बघत असतं, बरोबर गेला ना म्हणून. बल्ब सरळ माणूस, त्याचं पाऊल जुळतं. भोंग्याच्या मागे गुंडाळी. गुंडाळी कुठलीही गोष्ट एकदम होऊ देत नाही, अडवून धरते. मशीनला तिचा अंदाज उशिरा येतो, ते उशिरा सावरतं आणि कुणी न बोलता आतल्या आत हिंदकळायला लागतं.

"म्हणजे तुमच्या वेढ्यांनी माझं मशीन खाल्लं," तुम्ही म्हणालात.

"माझे वेढे बरोबर आहेत. तुमचं मशीन घाबरट आहे."

इथून आपलं भांडण सुरू होतं, भाऊजी.

मला आठवलं की कंपनीच्या त्या मशीनमध्ये बाहेर जाण्याच्या तोंडाशीच एक लहान रेझिस्टन्स आणि त्याला जोडून एक लहान कंडेन्सर होता. तुम्ही आपलं मशीन बांधताना ते दोन्ही गाळले होते. मी तेव्हाही विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होता, "ते शोभेचं आहे. लावून बघितलं, काढून बघितलं, आवाजात काडीचा फरक नाही." बघितलं होतंत ते बल्बवर. मी म्हटलं, कंपनीवाला शोभेसाठी एक खिळा मारायचा नाही, तो दोन वस्तू उगाच घालेल? तुमचं म्हणणं निराळं. जाड तांब्याची तार पेनावर गुंडाळून ती वाटेतच घालायची, म्हणजे लांब वायरीचा त्रास मशीनपर्यंत पोचणार नाही. गुंडाळीवर उतारा म्हणून आणखी एक गुंडाळी! मी हसले. तुम्हाला राग आला.

रविवारी सकाळी वीज गेली. एस.टी.ची वेळ होत आलेली. विजेचं सोल्डरिंग बंद, म्हणून डाग द्यायचं जुनं लोखंड मी स्टोव्हवर तापवलं. ते एकदा तापलं की निवेपर्यंत जेवढं होईल तेवढं. तुम्ही तुमची गुंडाळी लावलीत आणि लोखंड अजून गरम आहे असं बघून मी म्हटलं, "आता माझंही लावा." तुम्ही तोंड वाकडं करून रेझिस्टन्स आणि कंडेन्सर लावलेत. वायर जोडली. रेडिओवर भजन चालू होतं, ते शेवटच्या कडव्यापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. काटा जागचा हलला नाही. पत्रा थंड.

कोणत्या औषधाने ताप उतरला? दोन्ही एकदम दिलेली. त्यानंतर किती वेळा मी म्हटलं असेल, "एकदा तुमची गुंडाळी काढून बघू या." तुम्ही मशीनवर हात ठेवून उभे राहायचात, एखाद्या पोराला मार लागू नये तसे. "चालतंय त्याला हात लावायचा नाही."

"मग कळणार कसं?"

"कळून काय करायचंय? भात शिजल्यावर कुठल्या लाकडाने शिजला ते विचारता का?"

विचारते. मी विचारते, भाऊजी. ओलं कुठलं होतं तेही विचारते. पण ते राहू दे.

त्या दिवशीची चढण मला स्वप्नात असते तशीच आठवते, म्हणजे पाय दुखल्याचं आठवत नाही. ह्यांनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं. "मला धूर बघायचा नाही." बॅटरी वाडीच्या दोघांनी आळीपाळीने घेतली, मशीन तुम्ही, माइक आणि आपला रेडिओ मी. करवंदाच्या जाळ्या, तापलेल्या दगडांचा वास, समोरचे डोंगर उन्हात विरघळल्यासारखे. तुम्ही आंब्यावर चढलात आणि भोंगे फिरवत बसलात. थोडा डावीकडे, थोडा खाली, पुन्हा डावीकडे. आवाज पलीकडच्या डोंगराला आपटून परत येऊन बोलणाऱ्याच्या बोलण्यात पडू नये म्हणून. खाली बायका चुलाणापाशी, मोठ्या टोपात भात.

गंगाआजी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काय गो, तुझा दीर भोंगा बांधतोय का घरटा?"

"घरटं, आजी."

"मंग अंडी घातल्याबिगर उतराचा नाय."

तुम्ही वरून ओरडलात, "वहिनी, बोला काहीतरी! मला इथून ऐकायचंय."

मी माइक हातात घेतला. दुकानात बल्बसमोर बोलणं वेगळं. आता समोर सगळी दरी होती. "हॅलो" म्हटलं, ते माझ्या आधीच लांब निघून गेलं. पुढे काय बोलायचं ते सुचेना. मनात जे होतं तेच बोलले. "भात झालाय. जेवायला या."

थोडा वेळ काहीच नाही. मग पलीकडच्या डोंगराने तेच हळू आवाजात म्हटलं. झाडावर तुम्ही हसत होतात. बघायचं असेल तर तेव्हा बघायला हवं होतं त्या शोकसभेवाल्याने. आणि खरंच माणसं यायला लागली. खालच्या वाडीची, ओढ्यावर धुणं धुणारी, आमंत्रण नसलेली दोन गुराखी माणसं. टोपातला भात पुरेना म्हणून गंगाआजीने मला शिव्या घातल्या. "बाय, जरा कमी बोलाचा व्हता."

मशीन दिवेलागणीपर्यंत चाललं. वंदना झाली, भाषणं झाली, बायकांची गाणी झाली. तुम्ही भाषण एक ऐकलं नाहीत. दर थोड्या वेळाने पत्र्याला तळहात लावत होतात, तापाच्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मी रेडिओ कानाशी धरून बसले होते. बातम्या स्वच्छ येत होत्या.

गाणी चालू असताना कधीतरी मागे बघितलं तर हे उभे. सदरा घामाने भिजलेला. पोलादपूरच्या स्टँडवर उगाच येऊन बसले होते म्हणे, तिथून चढणीला लागले आणि अर्ध्या वाटेत 'जेवायला या' ऐकलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण माझी हाक डोंगरावरून त्यांना पहिल्यांदाच ऐकू आली. ते सरळ मशीनपाशी गेले. वाकून मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला, पुष्कळ वेळ ठेवला.

"कोमट आहे," एवढंच म्हणाले, आणि पानावर बसले.

सोमवारी सकाळी तुम्ही धुतलेला सदरा घालून ओटीवर तयार बसला होतात. जळलं नाही तर काय, हे ह्यांनी कबूल केलंच नव्हतं. मी डबा बांधला होता, तोही तुमच्या शेजारी ठेवलेला. हे तुम्ही उठायच्या आधीच बाहेर पडले होते. उन्हं वर आल्यावर परत आले, चपला काढल्या, तुमच्याकडे न बघता म्हणाले, "त्या जागेवर दुसरा माणूस घेतला त्यांनी. उशीर केला आपण." आणि आंघोळीला गेले. तुम्ही डबा उघडून तिथेच खाल्लात आणि बल्बाखाली कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलात.

त्यानंतरची सगळी वर्षं तुम्ही म्हणत आलात, "माझं नशीब थोर. कारखान्याने दुसरा माणूस घेतला म्हणून वाचलो." दवाखान्यातही त्या नर्सला सांगत होता. मी शेजारीच होते, गप्प.

भाऊजी, कारखान्याने कुणाला घेतलं नव्हतं. जागा सोमवारी तुमच्यासाठी मोकळी होती. ह्यांनी भल्या सकाळी बिरवाडीला जाऊन स्वतः नको म्हणून सांगितलं. आपण टाकलेला शब्द आपणच परत घेणं त्यांच्यासारख्या माणसाला किती जड गेलं असेल ते तुम्हाला माहीत आहे. मोरीच्या दारातून मला सांगितलं, डोक्यावर पाणी ओतता ओतता. "त्याला बोलू नकोस. डोक्यावर बसेल."

मी बोलले नाही. शब्द दिला होता म्हणून नाही. बोलायची गरज कधी पडली नाही. तुम्ही ओटीवर होता, मी आत होते, मधे पडदा होता, आणि दिवस जात होते.

हे लिहायला घेतलं तेव्हा ह्यांना विचारलं, ते सांगू का. ते ओटीवर तुमच्या स्टुलावर बसले होते. चष्मा काढून पुसायला लागले, पुसून झाला तरी पुसत राहिले.

"लिही," म्हणाले. "आता डोक्यावर बसला तरी चालेल."